खाली पडलेला ठिपका

“त्या माणसाला भरपूर पाणी प्यायला सांगा,” बाई म्हणाल्या. “माझ्या मुलाच्या मागे पेला घेऊन फिरावं लागायचं.”

प्रयोगशाळेतल्या गणितज्ञाने त्यांना खुर्ची दिली. बाईंचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता. एकच मूत्रपिंड शाबूत होतं, ते त्यांनी दान केलं. ‘संशोधनाच्या कामी आलं,’ एवढं सांगून रुग्णालयाने या प्रयोगशाळेचा पत्ता दिला. बाईंनी त्यातलं ‘कामी आलं’ तेवढंच ऐकलं. ते ज्याच्या पोटात आहे त्याला एकदा डोळे भरून पाहावं, म्हणून त्या आल्या होत्या.

माणूस परगावी असतो, असं सांगितलं की सुटका होती. पण ज्याचा जन्म आकडे पडताळण्यात गेला, त्याला साधी थापही धड मारता येत नाही.

“काकू, ते कुणाला बसवलंच नाही. बर्फात घालून आणताना गाडी वाटेत अडकली. पोचलं तेव्हा उशीर झाला होता.”

बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “म्हणजे वाया गेलं.”

त्याने संगणकावर आलेख उघडला. रक्त मिळेनासं झालं की पेशींना इजा होऊ लागते, आणि त्या स्वतःला सावरूही पाहतात. या चढाओढीत इजा कधी वरचढ होते, ते सांगणारं गणित तो मांडत होता. प्रत्येक ठिपका म्हणजे एक मूत्रपिंड. सगळी वेळेत पोचलेली, सगळी सावरलेली. कुणी बुडाल्याशिवाय डोहाची खोली कळणार कशी? एकच ठिपका खाली पडला होता.

“हा तुमच्या मुलाचा. याच्यामुळे हद्द कळली. आता बसवण्याआधी डॉक्टर हे गणित बघतात. त्यानंतर मेलेलं मूत्रपिंड इथल्या रुग्णालयात कुणाला बसवलेलं नाही, की जिवंत फेकलेलं नाही.”

आईला ठिपका दाखवतोय, याची त्याला लाज वाटली. बाईंनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

“म्हणजे तुमचं हे गणित त्याच्यावर उभं आहे?”

“त्याच्या एकट्यावर.”

“मग उद्या त्याच्या बाबांना घेऊन येते,” बाई म्हणाल्या. “गणितात तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हापासून ते त्याच्याशी बोलले नव्हते.”