कंटाळामुक्त शाळा

प्रार्थना संपली तशा मुख्याध्यापिका तांबटबाई माइकसमोर आल्या. "मुलांनो, आपले वनारसे सर छातीच्या दुखण्याने काल गेले," एवढं बोलल्या आणि डोळे पुसायला थांबल्या. मुलांच्या मनगटांवरचे लक्ष मोजणारे पट्टे पिवळे झाले. मुलं कंटाळली असं समजून पट्ट्यांना जोडलेल्या यंत्राने माइक बंद केला आणि पडद्यावर नाचणारं अस्वल आणलं. मुलं खिदळली.

"आजच्या मुलांना कंटाळा चालत नाही," असं शिक्षकांना ठणकावून सांगत हे यंत्र बाईंनीच शाळेत आणलं होतं.

पहिल्या रांगेतल्या ओवीला त्यांची दया आली. ती हळूच म्हणाली, "बाई, बोलताना मध्ये थांबायचं नसतं. सर तर खोकलासुद्धा गिळायचे."