रविवारचा प्रिंटर

"परत तसंच झालंय बघ," दार उघडता उघडताच आई म्हणाली. "फोन म्हणतो पाठवलं, आणि हा पठ्ठ्या ढिम्म हलत नाही."

धाकट्याने बूट काढले आणि तो खिडकीजवळच्या टेबलाशी गेला. केस पिकायला लागले तरी घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत. प्रिंटर हिरवा दिवा लावून साळसूदपणे बसला होता. शेजारच्या खुर्चीत बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मुलगा आलेला पाहून त्यांनी पान उलटलं, इतकंच.

बाबा शब्दकोडी तयार करत. बागेतल्या बाकावरच्या मित्रांसाठी दर रविवारी एक नवं कोडं. ते फोनवर जुळवायचं, फोनवरूनच छापायला पाठवायचं आणि संध्याकाळी वाटायचं. प्रिंटर धाकट्यानेच आणला होता. तो स्वतःच्या खात्यावर जोडून त्याने बाबांच्या फोनला छापायची परवानगी दिली होती. तेव्हा बाबा त्याच्याशी बोलत असत. आता बोलत नव्हते, त्याला वर्ष होत आलं होतं.

"किती वेळा पाठवलंत?" धाकट्याने विचारलं.

"सकाळपासून पाठवतोय म्हणावं," बाबा आईला म्हणाले.

आईने तो निरोप पुढे पोचवला नाही. दोघांनाही ऐकू येतं, मग मी कशाला तोंड दुखवू, असं तिचं म्हणणं होतं.

धाकट्याने रीतसर सुरुवात केली. प्रिंटरची पिन काढून पुन्हा लावली. यंत्रावरचं बटण दाबून चाचणीचं पान काढलं, ते झकास आलं. कागद होता, शाई होती. मग तो फडताळातल्या राउटरकडे वळला. आईची काठी त्याच्या वायरीला टेकून उभी होती. त्याने ती उचलून बाजूला ठेवली आणि हात पटकन मागे घेतला.

गेल्या वर्षी त्या दिवशी बाबांचा फोन आला होता. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. धाकटा मित्रांबरोबर जेवायला बसला होता. "परत पासवर्ड विसरले असतील," म्हणत त्याने फोन पालथा ठेवला. सगळे हसले, तोही हसला. तेव्हा आई न्हाणीघरात पडलेली होती आणि तिला एकट्याने उचलणं बाबांना जमत नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात बाबांनी एवढंच विचारलं, "कामात होतास का?" तो हो म्हणाला. पुढे एका मित्राने त्या जेवणाचा फोटो सगळ्यांना पाठवला, आणि फिरत फिरत तो बाबांपर्यंतही पोचला. फोन न उचलल्याची लाज होतीच. पण त्या 'हो'ची आठवण आली की धाकट्याला आरशासमोर उभं राहवत नसे.

राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत ताईचा फोन आला.

"आईकडे आहेस ना? मला एक सांग, हा प्रिंटर नेमका रविवारीच कसा रे बिघडतो? आईचेच उद्योग असणार. तुला बोलवायला निमित्त."

"असेल," धाकटा हळूच म्हणाला.

स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती. यंत्र बिघडल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं. उलट ती गुणगुणत होती.

"तुझा सुट्टीचा दिवस वाया जातो रे," कप हातात देत ती म्हणाली. "उगाच खेटे घालावे लागतात तुला आमच्यापायी."

"वाया कसला गं," तो म्हणाला. त्याचे कान तापले. त्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो कपात बघत राहिला.

चहा होता होईल तेवढा पुरवून झाल्यावर त्याने आपला फोन काढला, बाबांकडे पाठ करून खात्यात काहीबाही केलं, आणि प्रिंटर खडबडून जागा झाला. अडकलेली कोडी एकामागून एक बाहेर पडू लागली.

"काय झालं होतं?" आईने विचारलं.

"काही नाही. वर अडकलं होतं, मोकळं केलं."

त्याने कागद नीट जुळवून बाबांसमोर ठेवले. एक वाक्य तो दर आठवड्याला घोकून यायचा. 'बाबा, त्या दिवशी मी कामात नव्हतो.' घरून निघताना ते तोंडपाठ असे, या खुर्चीसमोर आलं की तोंडातून दुसरंच काही निघे. आजही तसंच झालं.

"आली सगळी," तो म्हणाला.

बाबांनी एक कागद उजेडात धरून पाहिला आणि कागदाकडे बघूनच मान हलवली.

धाकटा दाराशी बूट घालायला बसला. अजून एक रविवार गेला, आणि आपण भित्रे ते भित्रेच राहिलो, हे त्याला चांगलंच कळत होतं.

"आता नीट चालेल ना रे?" आईने विचारलं.

"चालेल."

आत खुर्ची सरकली. बाबा उठून दारापर्यंत आले. हातात कोडं तसंच होतं. आई बाजूला झाली. धाकट्याने नाडीची गाठ मारायची थांबवली, पण मान वर करायचा धीर त्याला झाला नाही.

"दर शनिवारी तुझ्या फोनवरून हा प्रिंटर अडवून ठेवतोस ना," बाबा त्याला म्हणाले, "ते आता पुरे. नुसताच येत जा."