धाकटीचा पोर्ट

केतकी कानामागची पट्टी काढत आईच्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ताई, आईने आज तिच्या लग्नातली गंमत सांगितली!"

वैजयंतीच्या पोटात दुखलं. पक्षाघाताने आईची वाचा गेली होती. आता ती बोलायची ते डोक्यात बसवलेल्या यंत्रातून, मुलींना ते कानामागच्या पट्टीतून ऐकू यायचं, आणि दोघींसाठी त्यात दोन वेगळे पोर्ट, म्हणजे बोलण्याच्या दोन स्वतंत्र वाटा होत्या. वैजयंतीच्या पोर्टवर रोज एवढंच यायचं, "बरी आहे. औषध घेतलं." आणि गंमत म्हणजे तो सगळा प्रोग्राम तिनेच खपून लिहिला होता.

दुपारी केतकी बाजारात गेली. वैजयंतीने बाहेरच्या खोलीतच पट्टी लावली, प्रोग्राम उघडला आणि आपल्या पोर्टचा नंबर खोडून केतकीच्या पोर्टचा टाकला. आता तिचं बोलणं आईला केतकीचं म्हणूनच पोचणार होतं.

लगेच आईचा आवाज आला. इतका मऊ आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"केतू, आलीस? ताई नाही ना जवळ?"

"नाही," वैजयंती म्हणाली.

"तिच्याशी बोलायची धास्तीच वाटते गं मला. एक शब्द चुकला की लगेच दुरुस्त करते."

मी कधी केलं असं, हे वैजयंतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"आणखी काय करते ताई?" तिने विचारलं.

आई मनापासून हसली आणि सांगू लागली. संध्याकाळपर्यंत वैजयंतीने तिला एकदाही मध्येच अडवलं नाही.