गुरुवारचा फोन

कालव्याच्या दारावर मी, शेवटच्या गावात ती. मंगळवारी सकाळी मी चाक फिरवून पाणी सोडायचं, गुरुवारी दुपारी ते पोचलं की तिनं फोन करायचा, एवढीच नोकरी. “पोचलं,” ती म्हणायची. “किती?” मी विचारायचो. “गुडघाभर.” संपलं बोलणं. एकोणीस वर्षांत तिला कधी पाहिलं नाही, पण आवाजावरून तिची सर्दी ओळखायचो. यंदा नदीनंच हात टेकले. साहेबांनी दाराला कुलूप ठोकलं. “शेवटच्या गावाची पाळी कायमची बंद. निम्मं पाणी वाटेतच जिरतं. त्यांना टँकर देऊ.” तसं पत्र तिलाही गेलं. मंगळवारी मी सवयीनं चाकाला तेल दिलं. गुरुवारी डबा घेऊन उगाच फोनपाशी बसलो. दुपारी तो खणखणला. “पोचलं,” ती म्हणाली. खिडकीतून कुलूप दिसत होतं. कोरड्या कालव्यात चिमण्या धुळीत न्हात होत्या. मी घसा खाकरला. “किती?” “गुडघाभर.”