टाकीवरचा हात

उदगीरच्या मल्लिनाथनं तरुणपणी एका टू-स्ट्रोक मोटारसायकलवर शर्यती गाजवल्या होत्या. पुढं ऐकू जवळजवळ येईनासं झालं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. लेक मंजुश्रीनं तिला बाहेर काढलं, नवा सिलिंडर आणि मोठा कार्बोरेटर बसवला आणि लातूरच्या शर्यतीत स्वतःचं नाव दिलं.

शर्यतीआधी तिनं किक मारून गाडी जागेवरच रेस केली. मल्लिनाथनं इंजिनाची थरथर जाणवावी म्हणून पेट्रोलच्या टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटले.

ती त्याच्या कानाशी ओरडली, "अप्पा, पहिल्यासारखी झाली का?"

"न्हाई."

मंजुश्रीचा चेहरा उतरला. मल्लिनाथनं हात उचलून तिच्या हेल्मेटवर ठेवला.

"पहिली माझ्या हातात ऱ्हायची, पोरी. ही मला झेपली नसती. जा, पळव."