सिस्टरचं निदान

“साधा ताप आहे. सिस्टर, तुम्हाला ना, प्रत्येक पोरात आजारच दिसतो!”

नर्स बायकोला थट्टेनं ‘सिस्टर’ म्हणणाऱ्या डॉक्टर श्रीरामचं आठ वर्षांपूर्वीचं ते हसणं सुचित्राच्या कानातून गेलंच नव्हतं. विनीताची मान वाकत नाही हे दिसताच तिनंच लेकीला उचलून इस्पितळात नेलं होतं. पोर वाचली, हसूखेळू लागली. मित्रमंडळींत मात्र ‘डॉक्टर बापानं मेंदूज्वर ओळखला’ अशीच गोष्ट झाली, आणि श्रीरामनं ती होऊ दिली.

आता, १९८६ साली, सुचित्रा न्यू जर्सीतल्या मुलांच्या नर्स प्रॅक्टिशनर्सच्या, म्हणजे जादा शिक्षण घेतलेल्या नर्सच्या, संघटनेची अध्यक्ष होती. नर्सनाही मुलांना तपासून औषध लिहून देता यावं, यासाठीच्या कायद्यावर राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, सुनावणी होती. त्याच सकाळी श्रीरामच्या कोटाच्या खिशात तिला विरोधात बोलणाऱ्या डॉक्टरांची यादी सापडली. त्यात त्याचं नाव होतं.

“अहो, तुम्ही नक्की काय बोलणार आहात?”

“तिथं ऐकशीलच की.”

सुनावणीत विरोधकांच्या बाकावरून तो उठला. सुचित्रानं मान खाली घातली.

 

“माझ्या मुलीचा मेंदूज्वर मी साधा ताप म्हणून हसण्यावारी नेला होता. ओळखला तो हिनं. सिस्टरनं.”