पहिली फेरी

"भिकाजी, होडी जरा मधून घे. पुढच्या वळणावर काठाला मगरी ऊन खात पडलेल्या असतात," समोर बसलेला मोरेश्वर म्हणाला.

भिकाजीनं वल्हं थांबवलं. "तुला रे कसं ठाऊक?"

"मागच्या मे महिन्यात आलो होतो ना! ऑफिसातल्या मंडळींनी लाँच ठरवली होती. तुला कळवायचं राहूनच गेलं बघ."

शाळेत असताना दोघांनी दाभोळच्या धक्क्यावर ठरवलं होतं, खाडीनं वर चिपळूणपर्यंत जायचं ते दोघांनीच. पुढे मोरेश्वर मुंबईला गेला. भिकाजी खाडीच्या मुखाशी मासेमारी करत राहिला, पण शब्द त्यानं मोडला नाही. बायको दर वर्षी म्हणायची, "मला एकदा वर फिरवून आणा की." तो म्हणायचा, "पहिली फेरी मोरेश्वरबरोबर. मग तुला नेतो." ती हसून कामाला लागायची. गेल्या पावसाळ्यात ती तापानं गेली.

वळणावर खरंच एक मगर चिखलात पसरली होती. मोरेश्वर मोबाइल काढून उभाच राहिला. "वहिनींना दाखवली होतीस ना रे ही जागा?"

भिकाजीनं होडी फिरवली.

"अरे, चिपळूण अजून लांब आहे!"

"ओहोटी लागेल आता," भिकाजी म्हणाला.

भरती तर अजून चढतच होती. अंगावर येणाऱ्या पाण्याशी झटत तो वल्हं मारत राहिला, आणि पुढच्या खेपेला इथं कुणाकुणाला आणायचं, ते मोरेश्वर त्याला सांगत राहिला.